विद्यापीठीय ऑनलाइन अर्ज : रचना व व्यवस्थापन (बेळगाव सीमाभाग)

प्रवेश, परीक्षा, पुनर्मूल्यांकन, वसतिगृह, स्थलांतर दाखला, पदवी प्रमाणपत्र इत्यादी कामांसाठी विद्यार्थ्यांकडून माहिती व कागदपत्रे संकेतस्थळावर स्वीकारण्याची व्यवस्था. प्रश्नांची मांडणी, भरलेल्या माहितीची पडताळणी, शुल्क, अर्जाची संबंधित विभागाकडे रवानगी आणि मुदत संपल्यावर नोंदींचे जतन एवढा तिचा विस्तार आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठीभाषक पट्ट्यात तिला दोन राज्यांची शिक्षण मंडळे, दोन आरक्षण पद्धती आणि एकाहून अधिक लिप्या सांभाळाव्या लागतात. त्यामुळे इतरत्र किरकोळ वाटणारा एखादा रकाना येथे विद्यार्थ्याचा प्रवेश अडवू शकतो.

बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे (स्थापना १९९८) मुख्यालय असून राणी चन्नम्मा विद्यापीठ (२०१०) हे पारंपरिक विद्याशाखांचे विद्यापीठ आहे. राज्य विद्यापीठांच्या पदवी स्तरावरील प्रवेश व परीक्षांसाठी कर्नाटक शासनाने २०२१ मध्ये यूयूसीएमएस (युनिफाइड युनिव्हर्सिटी अँड कॉलेज मॅनेजमेंट सिस्टिम) ही सामाईक प्रणाली आणली. अशा प्रणालीत अर्जाचा मूळ साचा राज्य पातळीवर ठरतो; विभाग आणि महाविद्यालये यांच्या हाती प्रामुख्याने छाननी, दुरुस्ती आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन एवढेच राहते. विभागांतर्गत नोंदणी किंवा सर्वेक्षण यांसाठी मात्र गूगल फॉर्म्ससारखी सर्वांना उपलब्ध असलेली साधने पुरेशी ठरतात.

अर्जाची रचना करताना प्रत्येक रकाना कोणत्या निर्णयासाठी लागतो, हे आधी निश्चित करावे लागते. ज्या माहितीवर कोणताही निर्णय अवलंबून नाही, ती विचारू नये. काही प्रश्न आधीच्या उत्तरानुसारच दिसावेत, अशी सोयही करावी लागते. उदाहरणार्थ, राज्यघटनेच्या ३७१ (जे) अनुच्छेदाचा, म्हणजे शिक्षण व नोकरीतील स्थानिक आरक्षणाचा, लाभ कल्याण कर्नाटकातील (पूर्वीच्या हैदराबाद-कर्नाटकातील) जिल्ह्यांपुरता आहे आणि बेळगाव त्यांत येत नाही. म्हणून जिल्हा बेळगाव निवडताच तो प्रश्न गळला पाहिजे.

प्रवर्गाचा रकाना सर्वांत नाजूक असतो. कर्नाटकात मागासवर्गीयांची विभागणी प्रवर्ग १, २अ, २ब, ३अ आणि ३ब अशी असून मराठा समाज ३ब मध्ये मोडतो. महाराष्ट्रातील प्रवर्गांची नावे आणि याद्या वेगळ्या आहेत. कर्नाटकातील नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळणाऱ्या जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्यावरून संगणकाला दाखला तपासता येतो. बेळगावात शिकायला येणाऱ्या चंदगड तालुक्यातील विद्यार्थ्याकडे असा क्रमांक असण्याचे कारण नाही. तो रकाना सर्वांना सक्तीचा ठेवल्यास त्या विद्यार्थ्याला एकतर खोटे काही भरावे लागते किंवा अर्ज सोडून द्यावा लागतो. अशा वेळी दोष भरणाऱ्याचा नसून रचनेचा असतो, हे कार्यालयांनी मान्य करणे अत्यावश्यक आहे. उलट दिशेने, महाराष्ट्रातील तंत्रशिक्षण प्रवेशांत विवादित सीमाभागातील मराठी मातृभाषकांसाठी स्वतंत्र उमेदवार प्रकार ठेवलेला असून त्यासाठी सीमाभागातील शिक्षणाचा आणि मातृभाषेचा पुरावा जोडावा लागतो.

नावाच्या बाबतीत दोन अडचणी येतात. आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव यांचा क्रम प्रत्येक कागदावर सारखा नसतो. त्यामुळे आधार आणि दहावीची गुणपत्रिका यांची अक्षरशः तुलना करणारी प्रणाली योग्य अर्जही नाकारते. दुसरी अडचण लिपीची आहे. संगणकात मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते, आणि जोडाक्षरे व काने-मात्रे धरून ‘ज्ञानेश्वर’ या चार अक्षरी नावात अशी १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट होतात. इंग्रजी नावांच्या मापाने आखलेला रकाना असे नाव मध्येच तोडतो. कन्नड लिपीलाही हाच हिशेब लागू आहे. गावांच्या याद्यांचीही तीच गत: १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, निपाणी चिकोडीतून वेगळे होऊन स्वतंत्र तालुका बनले, पण विद्यार्थ्यांच्या जुन्या दाखल्यांवर आधीचीच नावे आहेत. पडताळणीने दोन्ही रूपे स्वीकारली पाहिजेत.

अर्ज खुला झाल्यावरचे व्यवस्थापन हे रचनेइतकेच कष्टाचे असते. खात्यातून पैसे वजा झाले, पण पावती निघाली नाही, ही नेहमीची तक्रार असते. तिच्यासाठी बँकेकडील व्यवहार आणि अर्ज क्रमांक यांचा मेळ रोज घालावा लागतो, अन्यथा विद्यार्थी भीतीपोटी दुसऱ्यांदा शुल्क भरतो. खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी अशा डोंगराळ जंगलपट्ट्यात मोबाइलची रेंज भरवशाची नसल्याने अर्धा भरलेला अर्ज जतन होणे, छायाचित्राची फाइल लहान चालणे आणि ओटीपीची मुदत पुरेशी असणे या गोष्टी तेथे चैनीच्या राहत नाहीत. पुष्कळ विद्यार्थी सायबर कॅफेतून अर्ज भरतात. तेथे केंद्रचालकाचाच मोबाइल क्रमांक नोंदवला गेल्यास पुढील सर्व सूचना त्याच्याकडे जातात. म्हणून क्रमांक बदलण्याची सोपी, पण ओळख तपासून दिली जाणारी सोय हवी.

मुदत संपल्यावर अर्जाचा दुवा बंद करणे, प्रश्नांचा त्या वर्षीचा साचा उत्तरांसोबत जपून ठेवणे आणि कोणत्या कर्मचाऱ्याला कोणती माहिती दिसेल हे मर्यादित करणे ही कामे उरतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमतीने घेतलेली माहिती सांगितलेल्या कारणापुरतीच वापरायची असते, आणि ते कारण संपल्यावर, अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल तर, पुसून टाकायची असते. गुण आणि पदवीच्या नोंदी कायम ठेवाव्या लागतात. प्रवेश न मिळालेल्या अर्जदाराचे आधार, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खात्याचा तपशील यांना तसे कारण उरत नाही.