पार्श्वभूमी: पाळीच्या ॲपमधला ‘पहिला दिवस’

पाळीची नोंद ठेवणारी ॲप गेल्या दहा-बारा वर्षांत स्मार्टफोनबरोबर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीतल्या घरांत शिरली; पण त्यांच्या पोटातलं गणित शंभर वर्षांचं आहे. 1920च्या दशकात एका जपानी आणि एका ऑस्ट्रियन डॉक्टरने स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवली. बीज सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा, तो साधारण 14 दिवस आधी येतो. आता पुढची पाळी तर अजून यायची असते. म्हणून मागच्या सहा ते बारा पाळ्यांची अंतरं घ्यायची, सर्वांत लहान अंतरातून 18 आणि सर्वांत मोठ्यातून 11 वजा करायचे. अंतरं 26 ते 33 दिवसांची असतील तर मूल नको असताना आठवा ते बाविसावा दिवस जपायचा, म्हणजे संबंध टाळायचे. उरलेल्या दिवसांना ‘सुरक्षित काळ’ हे नाव पडलं, आणि ते नाव मूळ पद्धतीपेक्षा जास्त टिकलं.

1950च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने हीच पद्धत दिल्लीत आणि आजच्या कर्नाटकातल्या रामनगरात करून पाहिली. दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या. प्रयोग काही रुजला नाही. पुढे शस्त्रक्रिया आणि तांबी आली. सुधारलेली 32 मण्यांची माळ अलीकडची. तिच्यात 8 ते 19 हे दिवस जपायचे, तेही पाळी 26 ते 32 दिवसांनीच येत असेल तर.

खरा गुंता ‘पहिला दिवस’ या दोन शब्दांत आहे. ॲपला हवा असतो नीट रक्तस्राव सुरू झाल्याचा दिवस. आदल्या दिवशी नुसता डाग दिसला तर तो धरायचा नाही. आपल्याकडे लक्षात राहते ती बहुधा चौथ्या दिवसाची न्हाण्याची तारीख, कारण घरातले व्यवहार तिथून पुन्हा सुरू होतात. ‘पाळी कधी आली’ असं मोघम विचारलं की काही जणी तीच तारीख सांगतात आणि फोनमध्येही तीच जाते. अशा वेळी ॲपचा आठवा दिवस म्हणजे खरा अकरावा. खरे आठ, नऊ आणि दहा हे दिवस ॲपवर पाच, सहा, सात म्हणून येतात आणि बिनधोक दिसतात. पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत जगतं, त्यामुळे नेमके हेच दिवस महागात पडू शकतात. गंमत म्हणजे चूक पकडली जात नाही. पाळी 29 दिवसांनी येत असेल आणि दर महिन्याला न्हाण्याचीच तारीख टाकली तर अंतर बरोबर 29 येतं, पुढच्या न्हाण्याचा अंदाजही जुळतो आणि ॲपवरचा विश्वास उलट वाढतो. एखाद्या महिन्यात खरी तारीख टाकली गेली तरच ते अंतर तीन दिवसांनी आखूड आणि पुढचं तेवढंच लांब होतं. तेव्हा ‘हल्ली माझी पाळी अनियमित झालीय’ असा समज होतो.

तिथीवरून लक्षात ठेवणाऱ्यांचं वेगळं. एका एकादशीपासून पुढच्या त्याच पक्षातल्या एकादशीपर्यंत कधी 29 दिवस भरतात, कधी 30. शिवाय पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि फोनची तारीख मध्यरात्री. पहाटे तीनला आलेली पाळी आजी कालची म्हणते, फोन आजची. एका दिवसाचा हा फरक चालून जातो, तीन दिवसांचा नाही. जुन्या धर्मशास्त्रातला सोळा रात्रींचा ऋतुकाल, म्हणजे गर्भ राहण्याचा काळ, मात्र स्रावाच्या पहिल्या दिवसापासूनच मोजलेला आहे, हे सांगितलं की पुष्कळांना आश्चर्य वाटतं. त्यातलं सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी हे गणित आजही विचारलं जातं. त्याला काडीचा आधार नाही.

भाषेनेही भर घातली. यंत्राने केलेल्या मराठीत ‘पीरियड’चा ‘कालावधी’ होतो आणि ‘तुमचा कालावधी कधी सुरू झाला’ असा प्रश्न येतो, तो वाचून कुणालाही काही बोध होत नाही. ‘फर्टाइल विंडो’ची, म्हणजे गर्भ राहू शकणाऱ्या दिवसांची, ‘सुपीक खिडकी’ तर विचारूच नका. कन्नडमध्ये पाळीला ‘मुट्टू’ म्हणतात, आणि ‘मुट्टू’ म्हणजे शिवणेही; आपला ‘कावळा शिवला’ त्याच घरातला. दोन्ही भाषांत शब्द शिवाशिवीवरून आले, रक्त कधी सुरू झालं हे दोन्हींत सांगायचं राहिलं.

ॲपचं पुढचं गणित सोपं आहे: मागच्या काही अंतरांची सरासरी, त्यातून 14 वजा, त्याआधीचे पाच दिवस रंगवायचे. एका महिन्याची नोंद राहिली की सगळं ढासळतं. 29, 29, 30, 28 यांची सरासरी 29. त्यात विसरलेल्या महिन्यामुळे 58 आले की ती 35च्या घरात जाते आणि अंदाज सहा दिवस पुढे सरकतो. काही ॲप असं अवाढव्य अंतर आपोआप वगळतात, काही नाही. या भागात दुसरं कारण जत्रेचं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमेसाठी किंवा गौरीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली जाते. डॉक्टर ती अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायला सांगतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी येते. ते अंतर गोळीचं असतं, शरीराचं नव्हे. ते सरासरीत घेऊ नये. खरं तर इथे ॲप उघडलं जातं ते मूल हवं-नकोपेक्षा ‘जत्रेत अडचण येईल का’ हे पाहायलाच अधिक, असं म्हणायला हरकत नाही.

2018 हे साल वादाचं. अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका ॲपला प्रथमच गर्भनिरोधक म्हणून परवानगी दिली. अपयश काटेकोर वापरात 1.8 टक्के, रोजच्या धांदलीतल्या वापरात 6.5 टक्के. त्याच वर्षी स्वीडनमधल्या एका रुग्णालयात गर्भपातासाठी आलेल्या 668 जणींपैकी 37 जणी तेच ॲप वापरत होत्या असं निघालं. मात्र हे ॲप नुसत्या तारखांवर चालत नाही. रोज उठल्याबरोबर, अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी, दशांशानंतर दोन अंक दाखवणाऱ्या थर्मामीटरने अंगाचं तापमान मोजायचं, अशी तेव्हाची रीत होती. बीज सुटल्यावर तापमान 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसने चढतं. पाचला उठून पाणी भरणाऱ्या बाईला हे कितपत जमेल, हा प्रश्न मंजुरीच्या कागदात येत नाही. फुकटच्या तारखांच्या ॲपनी त्या मंजुरीचा दिमाख मात्र आयता उचलला.

नोंदी कुठे जातात हा मुद्दा 2021 मध्ये पुढे आला. नोंदी जाहिरात आणि विश्लेषण कंपन्यांना पुरवल्याच्या तक्रारीवर एका मोठ्या ॲपला अमेरिकेत तडजोड करावी लागली. आपला वैयक्तिक डेटाचा कायदा 2023चा. कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये महिन्याला एक दिवस पगारी पाळी-रजा मंजूर केली. ॲपचा स्क्रीनशॉट रजेचा पुरावा म्हणून कुणी मागू नये आणि कुणी देऊही नये.

दिवस राहिले की हीच तारीख तायी कार्डावर (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदींचं सरकारी कार्ड) ‘एलएमपी’, म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख, म्हणून चढते आणि तिच्यात 280 दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख निघते. निपाणीकडच्या कितीतरी जणी सोनोग्राफीला कोल्हापूरला जातात. तिथल्या पहिल्या तिमाहीतल्या मापात आणि पाळीच्या तारखेत साधारण आठवड्याहून जास्त फरक पडला तरच तारीख बदलतात. न्हाण्याच्या तारखेने पडलेला फरक तीनच दिवसांचा. तो त्या मर्यादेत बसतो, आणि कार्डावर न्हाण्याचीच तारीख बाळंतपणापर्यंत राहते.