पाण्यातून होडीवर परतताना

पट्टीच्या पोहणाऱ्याने होडीतून पडण्याची काळजी करू नये, होडीचा काठ हाती लागला की तो वर येणारच, असे अनेकजण मानतात. प्रत्यक्षात पोहणे आणि होडीवर चढणे ही दोन निराळी कामे आहेत. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या लेझरसारख्या एका माणसाच्या शिडाच्या होडीचा काठ मुळीच उंच नसतो, तरीही दमलेल्या माणसाला तो ओलांडणे अशक्य होऊ शकते.

गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाचे जवळजवळ सगळे वजन पाणी पेलत असते, हे आर्किमिडीजच्या नियमावरून आपल्याला ठाऊक आहे. मात्र शरीराचा जेवढा भाग पाण्याबाहेर येतो तेवढ्याचा आधार सुटतो. ७० किलोची व्यक्ती कंबरेपर्यंत वर आली की निम्म्याहून अधिक वजन तिच्या हातांवर येते. कपड्यांत मुरलेले पाणी पाण्यात असेपर्यंत जाणवत नाही, पण बाहेर येताच त्याचाही भार होतो. लाइफ जॅकेटची मदतही ते बुडालेले असेपर्यंतच मिळते.

खरी अडचण पायांची असते. काठ धरून स्वतःला वर ओढले की छाती होडीकडे खेचली जाते, पण पायांना अडवणारे काहीच नसते. तळ आत वळलेला असल्याने ते त्याखाली शिरतात, शरीर मागे कलते आणि हातांचे बळ लटकून राहण्यातच संपते. वाऱ्याने होडी आपल्या अंगावर येत असेल, तर पाणी पायांना आणखी आत ढकलते. डोहातल्या आसरा माणसाचे पाय ओढतात ही समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. होडीखाली पाय ओढले जाण्याचे कारण मात्र हे असे साधे आहे, आणि त्यावरचा उपाय नवसात नाही. हात काठावर ठेवून आधी पाय मारत शरीर पाण्यावर आडवे आणावे, मग एक जोरदार लाथ मारून त्याच क्षणी काठ खाली दाबत पोटावर आत सरकावे. असे सरकताना पाय आणि कंबर बराच वेळ पाण्याच्या आधाराने राहतात आणि वजन थोडे थोडे होडीवर जाते.

चढायचे कोठून, या प्रश्नातले भौतिकशास्त्र मला सर्वांत सुंदर वाटते. होडी पाण्याच्या पातळीला जेथे छेदली जाते तो आकार आयत धरू. तिचा झुकण्याला होणारा विरोध, ती ज्या दिशेने झुकते त्या दिशेच्या मापाच्या घनाच्या प्रमाणात आणि दुसऱ्या मापाच्या साध्या प्रमाणात वाढतो. लेझरची लांबी सुमारे ४.२ मीटर आणि रुंदी सुमारे १.४ मीटर, म्हणजे तिप्पट, म्हणून पुढे-मागे झुकण्याला होणारा विरोध कडेला कलण्याच्या नऊपट असतो. मागच्या टोकाला लटकल्यास तरफेची भुजाही तिप्पट होते, तरी झुकण्याचा कोन एक तृतीयांशच राहतो. कोन एक तृतीयांश आणि अंतर तिप्पट, त्यामुळे आपल्या हाताखालचा काठ मात्र दोन्हीकडे सारखाच खाली जातो! म्हणजे मागून चढताना काठ तितकाच जवळ येतो आणि होडी पुन्हा उलटण्याची भीती कमी राहते. खरा छेद पुढे निमुळता असतो, पण डोलकाठीचे वजन उंचावर असल्याने कडेची बाजू या हिशेबापेक्षाही दुबळी ठरते.

मागून चढण्याला एक मर्यादा आहे. तेथे लटकलेल्या माणसामुळे होडीचे तोंड वारा जिकडे वाहतो तिकडे वळू लागते, आणि शिडाचा दोर आवळलेला असेल तर ती चालू पडते. त्यामुळे दोर आधी पूर्ण सैल सोडलेला हवा. कडेनेच चढायचे झाल्यास वारा ज्या बाजूने येतो ती बाजू निवडावी, कारण तेथे वाहून जाणारी होडी आपल्याला मागे ओढत नेते आणि पाय आपोआप तळापासून दूर राहतात. उंच काठाच्या होडीला शिडी लागतेच. तिच्या निदान दोन पायऱ्या पाण्याखाली जायला हव्यात आणि ती पाण्यातल्या माणसाला स्वतःच्या हाताने खाली ओढता यायला हवी.