माशीचा सर्रा, गोचिडाचा ताप

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिकोडीकडचा धनगर मेंढ्या घेऊन निघाला की वाड्याचा, म्हणजे त्याच्या फिरत्या तळाचा, सगळा बोजा घोड्यावर असतो. मेंढ्या कोंडायची जाळीची वाघर, भांडीकुंडी, दाण्याची पोती आणि वर चालता न येणारी दोन-चार कोकरं. मुक्कामाला बोजा उतरतो, पुढच्या पायांना पायबंद पडतो आणि घोडा ओढ्याकाठी नाहीतर उसाच्या बांधाला चरायला सुटतो. पावसाळा सरता सरता त्यातलाच एखादा वाळायला लागतो. खातो नीट, तरी बरगड्या मोजता येतात. पोटाखाली सूज उतरते, मागचे पाय ओढत चालतो. ‘सर्रा लागलाय, इंजेक्शन मारा,’ असं कुणीतरी सांगतं आणि रक्त न तपासताच ते मारलंही जातं. सर्रा म्हणजे गोमाशीमुळे पसरणारा, रक्तातल्या परजीवीचा आजार. घोडा वाळला म्हणजे सर्राच, ही समजूत बरीच जुनी आहे आणि तिचं मूळ लष्कराच्या पागेत आहे.

१८८० साली आजच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स हे लष्करी पशुवैद्य घोडे आणि उंट का मरतात याचा तपास करत होते. ताज्या रक्ताच्या थेंबात त्यांना वळवळणारा जीव दिसला. तेच रक्त निरोगी जनावराला टोचलं की आजार होतो, हेही त्यांनी दाखवलं. वरिष्ठांना ते पटलं नाही, कारण उंदरांच्या रक्तात असले जीव आधीच सापडले होते आणि उंदरांना त्यांचा काही त्रास नव्हता. पाच वर्षांनी ब्रह्मदेशात लष्कराच्या खेचरांमध्ये जॉन हेन्री स्टील यांना तसाच जीव आढळला. त्यांनी त्याला इव्हान्स यांचं नाव दिलं, म्हणून आज आपण ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय’ म्हणतो. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं, तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य हेच स्टील होते.

१८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ही जनावरांच्या आजारांवरची सरकारी प्रयोगशाळा निघाली. तिथले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या कामात सर्रा अग्रभागी होता. १८९३ साली ही प्रयोगशाळा हिमालयातल्या मुक्तेश्वरला गेली. गोमाशी हा आजार एका जनावरातून दुसऱ्यात नेते, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये प्रयोगाने दाखवलं. सरकारला एवढी घाई का होती ते उघड आहे. रिसाला (घोडदळ), तोफखाना, सामानाची खेचरं सगळं घोड्यांच्या जिवावर चालायचं आणि बेळगावसारख्या छावण्यांना त्यांचा सतत पुरवठा लागायचा. धनगराच्या तट्टूसाठी कुणी प्रयोगशाळा उघडली नसती.

घोड्याच्या रक्तातल्या परजीवीचा दुसरा आजार म्हणजे गोचीड चावल्याने होणारा ताप. त्याला ही घाई लाभली नाही. त्याचा शोध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तोही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या घोड्यांच्या रक्तातून लागला. हा एकच आजार नसून तांबड्या पेशींत शिरणारे दोन वेगळे परजीवी आहेत, हे १९१० च्या सुमारास नटॉल आणि स्ट्रिकलंड या संशोधकांनी वेगळं करून दाखवलं. मोठा तो बॅबेसिया कॅबाली. लहान परजीवीला बरीच वर्षं बॅबेसिया इक्वायच म्हणत. तो तांबड्या पेशींत जाण्याआधी पांढऱ्या पेशींत वाढतो हे कळल्यावर १९९८ मध्ये त्याचं नाव थायलेरिया इक्वाय झालं. जुन्या पुस्तकांत एक नाव आणि नव्या अहवालात दुसरं दिसतं ते यामुळे.

बेळगाव जिल्ह्यात माशी आणि गोचीड दोघांनाही जागा आहे. खानापूरकडे पाऊस आणि जंगल. गोमाशी पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते आणि तिच्या अळ्या चिखलात वाढतात, त्यामुळे पावसाळ्यापासून कार्तिकापर्यंत तिचा उच्छाद असतो. घटप्रभेच्या कालव्यांनी आणि उसाने ही ओल मुळात कोरड्या असलेल्या तालुक्यांतही नेली. उलट अथणीकडचं माळरान हायलोमा जातीच्या गोचिडाला मानवतं. तो उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर जास्त दिसतो, आणि शेळ्या-मेंढ्या, गुरं त्याला पोसतात. भात निघाल्यावर मेंढ्या खतासाठी शेतात बसवायला पश्चिमेकडे येतात, तेव्हा घोडाही कोरड्या माळावरून ओल्या रानात येतो. वर गुरं-म्हशींच्या रक्तात सर्रा बाहेरून काही न दिसता राहू शकतो, तेव्हा एकाच गायरानात चरणारी धडधाकट म्हैसही संशयातून सुटत नाही.

माशीच्या बाबतीत एक बारकावा नेहमी निसटतो. परजीवी तिच्या अंगात वाढत नाही, सोंडेला लागलेल्या रक्तात काही मिनिटं तगतो एवढंच. चावा अर्धवट राहिला आणि लगेच शेजारच्या घोड्यावर बसली तरच आजार पुढे जातो. म्हणून आजारी घोडा वाड्यातच, दहा पावलांवर बांधण्यात अर्थ नाही. त्याला चांगला लांब न्यावा. गोचिडाचं गणित वेगळं आहे. बॅबेसिया कॅबाली मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो, थायलेरियाचं कोठार मात्र घोडाच असतो. एकदा लागलेला थायलेरिया बहुधा जन्मभर रक्तात राहतो आणि लांबची चाल, शर्यत किंवा वेत असं काही झालं की उसळतो. गाभण घोडीतून तो शिंगरातही जातो. एकच सुई पाच घोड्यांना वापरली, तर माशी आणि गोचीड दोघांचंही काम माणूस करतो.

तपासणी अवघड नाही, वेळ मात्र साधावी लागते. घोड्याचं तापमान एरवी ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. सर्र्यात ते ४० च्या पुढे जातं, उतरतं, पुन्हा चढतं. परजीवी अंगावरचं आवरण बदलून शरीराला चकवत राहतो, म्हणून ही ये-जा. ताप नसलेल्या दिवशी स्लाइड कोरी निघाली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. ताप चढलेला असताना कानाच्या शिरेतून एक थेंब काचेवर घेऊन वर झाकणकाच ठेवायची आणि ४० च्या भिंगातून लगेच बघायचं. आधी परजीवी दिसत नाही. तांबड्या पेशी मध्येच थरथरतात, बाजूला ढकलल्या जातात, जत्रेच्या गर्दीतून एखादं पोर वाट काढतं तशा. मग तो दिसतो.

गोचिडाच्या तापासाठी काचेवर रक्ताची पातळ फिल्म वाळवून मेथॅनॉलमध्ये ५ मिनिटं धरायची, मग १० टक्के गिम्सा या रंगात ३० मिनिटं. पेशीत टोकाशी जुळलेली मोठी नासपतीच्या आकाराची जोडी दिसली तर बॅबेसिया. चार बारीक ठिपक्यांची फुली दिसली तर थायलेरिया. बॅबेसियात लागण झालेल्या पेशी १ टक्क्याहूनही कमी असतात, त्यामुळे घाईने पाहिलेली स्लाइड फसवते. जुन्या वाहक घोड्यात, म्हणजे बाहेरून बरा दिसूनही परजीवी बाळगणाऱ्या घोड्यात, तर काहीच सापडत नाही. तिथे प्रयोगशाळेतली चाचणी लागते, रक्तजलात (सीरममध्ये) प्रतिपिंडं शोधणारी एलायझा किंवा परजीवीचा डीएनए शोधणारी पीसीआर. अशा चाचण्या करणारं घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र हरियाणात हिसारला आहे.

औषधांचा इतिहासही दोन वाटांनी गेला. सर्र्यावर लिंगार्ड यांच्या काळात सोमलाच्या औषधांची मात्रा चाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत सुरामिन तयार झालं आणि १९४९ च्या सुमारास क्विनापायरामीन आलं. तेच आजही चालतं. सल्फेट क्षाराची मात्रा किलोला ३ ते ५ मि.ग्रॅ., कातडीखाली, म्हणजे २०० किलोच्या तट्टूला ६०० ते १००० मि.ग्रॅ. एकाच जागी दिलं तर गाठ येते, म्हणून दोन-तीन जागी वाटून द्यावं. टोचल्यावर घाम, थरथर, लाळ येऊ शकते, तेव्हा त्या दिवशी बोजा नको. कुपी दोन घोड्यांत वाटून अर्धी मात्रा देणं सर्वांत वाईट, औषधाला न जुमानणारा परजीवी त्यातूनच तयार होतो.

गोचिडाच्या तापावर या औषधाचा उपयोग नाही. तिथे इमिडोकार्ब हे औषध, स्नायूत. बॅबेसियाला किलोला २.२ मि.ग्रॅ., २४ तासांच्या अंतराने दोनदा. १२ टक्के द्रावण असेल तर २०० किलोच्या घोड्याला एका वेळी साधारण ३.७ मि.लि. थायलेरियाला ४ मि.ग्रॅ., दर ७२ तासांनी, चार वेळा. एवढं करूनही तो पुरता जाईल याची खात्री नसते. पोटदुखी, लाळ, जुलाब अर्ध्या तासात सुरू होतात, म्हणून डॉक्टर आधी अ‍ॅट्रोपिन देतात. गाढवांना हे औषध घोड्यांपेक्षा जास्त बाधतं. वाड्यात घोड्याबरोबर गाढवंही असतील, तर घोड्याच्या मात्रेवरून गाढवाची मात्रा काढू नये.

सर्रा माणसाला होत नाही, असं फार वर्षं धरून चाललं होतं. २००५ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परजीवी असल्याचं जाहीर झालं. माणसाच्या रक्तातलं या परजीवीला मारणारं प्रथिन त्याच्या शरीरात तयारच होत नव्हतं. तो सुरामिनने बरा झाला. तापलेल्या घोड्याचं रक्त काढताना हातमोजे घालावेत ते यासाठीच, विशेषतः बोटाला चीर असेल तेव्हा.