बुलेट ३५० ला २४चाच कार्ब का?

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० घेतली की कोणी ना कोणी सांगतंच, "कार्ब मोठा टाक, गाडी पळेल." कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. सांगणाऱ्याच्या डोक्यात ५०० सीसी बुलेटचा मिककार्ब व्हीएम २८ असतो. ३५० ला कंपनी व्हीएम २४ लावायची. हे आकडे हवेच्या वाटेचा व्यास सांगतात, मिलिमीटरमध्ये. फरक चारच मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. २४चं तोंड ४५२ चौरस मिलिमीटर, २८चं ६१६. म्हणजे ३६ टक्के जास्त.

जास्त हवा, जास्त ताकद, असं आपण धरून चालतो. पण कार्बचं काम नुसती हवा आत सोडायचं नाही. त्याच हवेच्या जोरावर पेट्रोल वर ओढायचं असतं, कारण जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, पेट्रोल चढवायला दुसरं काहीच नाही. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा तिथला दाब उतरतो. फ्लोट चेंबरमधल्या (कार्बच्या खालच्या वाटीतल्या) पेट्रोलवर मात्र बाहेरचा दाब असतोच. या दोन दाबांतल्या फरकाने पेट्रोल वर चढतं, आणि हा फरक हवेच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो.

आता हिशेब मांडू. इंजिन ३४६ सीसी, २००० आरपीएमवर, थ्रॉटल (मूठ) पूर्ण उघडा. सिलिंडर आपल्या क्षमतेच्या ८० टक्के भरतो असं धरलं, तर सक्शन स्ट्रोकच्या (पिस्टन खाली जाऊन हवा ओढतो त्या) ०.०१५ सेकंदात साधारण २७७ घनसेंटीमीटर हवा आत जाते. २४च्या गळ्यात तिचा सरासरी वेग सेकंदाला ४१ मीटर येतो, २८मध्ये ३०. वेग चतुर्थांशाने घटला, पण ओढ? २४मध्ये ती सुमारे १४ सेंटीमीटर उंचीचा पेट्रोलचा स्तंभ तोलेल एवढी असते, २८मध्ये जेमतेम साडेसात. ओढ जवळजवळ निम्मी! शिवाय मंद हवेत पेट्रोलचे थेंब बारीक फुटत नाहीत, मॅनिफोल्डच्या (कार्ब ते इंजिन या नळीच्या) भिंतीला चिकटतात. म्हणून चढावर टॉप गिअरमध्ये एकदम मूठ पिळली की गाडी गुदमरते आणि मगच उचलते.

अर्धी मूठ उघडी असताना हा दोष लपतो. या कार्बमध्ये स्लाइड (मुठीबरोबर वरखाली होणारी झडप) खाली असली की वाट आपोआप अरुंद राहते, त्यामुळे संथ चालवणाऱ्याला मोठा कार्बही बरा वाटू शकतो. मूठ हळूहळू उघडणाऱ्याला तर तो कधी त्रास देणारही नाही.

कंपनीचं गणितही पाहण्यासारखं आहे. ३५० मध्ये प्रत्येक सीसीमागे १.३१ चौरस मिलिमीटर तोंड, ५०० मध्ये १.२३. दोन्ही जवळपास सारखेच. ३५० वर २८ चढवला की हाच आकडा १.७८ होतो. म्हणजे ५०० ला जेवढं तोंड कंपनीला पुरेसं वाटलं, त्याच्या जवळपास दीडपट आपण ३५० ला देतो, तेही ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या धावेच्या) इंजिनाला. १८ अश्वशक्ती हे इंजिन ५६२५ आरपीएमला देतं, पण लांब स्ट्रोकची ही गाडी तिथे रोज कोण नेतं? मोठ्या कार्बचा थोडाफार फायदा होईल तो याच वरच्या टोकाला, आणि तिथेही कॅम, व्हॉल्व्ह, सायलेन्सर मूळचेच असतील तर हवा पुढे अडणारच.

पोर्ट मोठे केले, कॅम बदलला, बोअर वाढवला, तर गोष्ट वेगळी. मग २६ किंवा २८चा विचार जरूर करावा, जेट आणि नीडल (स्लाइडला लटकणारी, जेटमध्ये शिरणारी सुई) नव्याने जुळवून. मूळ इंजिनावर मात्र माझं मत ठाम आहे, २४च ठेवा. बऱ्याचदा पिकअप आणि ॲव्हरेज पडण्याचं कारण झिजलेली स्लाइड आणि नीडल जेट असतं. स्लाइड हाताने हलवून पाहा. ती बॉडीत खडखडत असेल तर कडेने हवा शिरते आणि मंद आरपीएमला मिश्रण बिघडतं. नीडल जेटचं भोक झिजून मोठं झालं तर उलट पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो. अशा वेळी मोठा कार्ब नको, त्याच मापाचा चांगला कार्ब बसवा.