मोरचुदाचे मोठे निळे स्फटिक खाणीतले नसतात

मोरचुदाचे, म्हणजे पाणी धरून असलेल्या कॉपर सल्फेटचे, बोटभर लांब, चकचकीत निळे स्फटिक ‘खाणीतून निघालेले’ म्हणून वर्षानुवर्षे विकले जातात. खरं तर त्यातले बहुतेक कॉपर सल्फेटच्या दाट द्रावणात माणसाने वाढवलेले असतात. निसर्गात मोरचूद तयार होतो तो तांब्याच्या सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजांना हवा-पाणी लागून, आणि सापडतो तो बहुधा खाणीच्या भिंतींवर धरलेले पापुद्रे, तंतू किंवा छताला लोंबणारे सुळके अशा रूपात. पाण्यात सहज विरघळत असल्याने उघड्यावर तो टिकतो फक्त कोरड्या प्रदेशात. चिलीतली चुकिकामाता ही तांब्याची खाण हे त्याचं नावाजलेलं ठिकाण. पण मोरचुदाच्या वजनात सुमारे ३६ टक्के पाणीच असतं. फार कोरड्या हवेत ते उडू लागतं आणि निळाईवर पांढरट भुकटी धरते. चव घेऊन खनिज ओळखायचा जुना सल्ला इथे अजिबात पाळू नका. मोरचूद विषारी आहे.