डिसइंटिग्रेशन (द क्युअरचा अल्बम)

डिसइंटिग्रेशन हा 'द क्युअर' या इंग्लिश बँडचा आठवा स्टुडिओ अल्बम. फिक्शन रेकॉर्ड्सने तो २ मे १९८९ रोजी प्रकाशित केला. नावाचा अर्थ विघटन, म्हणजे जुळून असलेली गोष्ट कणाकणाने सुटी होत जाणे. अल्टरनेटिव्ह रॉक आणि उदास, काळोख्या सुरांचा गॉथिक रॉक या दोन्ही प्रवाहांत त्याची गणना होते. सीडीवर बारा गाणी असून त्यांची एकूण लांबी सुमारे ७२ मिनिटे आहे. एका एलपीच्या, म्हणजे रेकॉर्डच्या तबकडीच्या, दोन बाजूंवर एवढे मावणे शक्य नव्हते, म्हणून 'लास्ट डान्स' आणि 'होमसिक' ही दोन गाणी एलपीवरून गाळावी लागली.

'द क्युअर' हा लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉली या गावातून पुढे आलेला बँड. गायक, गिटारवादक आणि मुख्य गीतकार रॉबर्ट स्मिथ हाच त्याचा कायमचा कणा. बाकीचे वादक येत-जात राहिले. १९८२ च्या 'पोर्नोग्राफी' या अल्बममध्ये बँडने निराशेचा तळ गाठला होता. त्यानंतर स्मिथने मुद्दाम हलकीफुलकी, नाचता येतील अशी गाणी केली आणि १९८७ च्या 'किस मी, किस मी, किस मी' या दुहेरी अल्बमने बँडला अमेरिकेतही श्रोते मिळवून दिले. हे यश स्मिथला मानवले नाही. त्यातच तिशी जवळ आली. रॉकमधली मोठी कामे माणूस तिशीच्या आतच करतो, अशी त्याची समजूत होती. २१ एप्रिल १९८९ रोजी तो तीस वर्षांचा झाला आणि अकरा दिवसांनी हा अल्बम दुकानांत आला.

गाण्यांचे कच्चे आराखडे १९८८ च्या उन्हाळ्यात ड्रमवादक बोरिस विल्यम्सच्या घरी तयार झाले. सोबत्यांना ही गाणी पसंत पडली नसती तर ती एकट्याच्या नावावर काढायची, अशी स्मिथची तयारी होती. ती वेळ आली नाही. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ऑक्सफर्डशरमधील हुकएंड या जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत झाले. निर्मितीची जबाबदारी स्मिथ आणि डेव्हिड एम. ॲलन या दोघांची होती. या दिवसांत स्मिथ सोबत्यांशी फारसे बोलत नसे. मुक्कामात त्याच्या खोलीला आग लागली, तेव्हा गाण्यांच्या ओळी लिहिलेले कागद सोबत्यांनी आत जाऊन वाचवले.

याच काळात लॉल टॉलहर्स्टचे बँडशी असलेले नाते तुटले. स्मिथ आणि तो शाळेपासूनचे मित्र आणि बँडचे संस्थापक सदस्य. दारूच्या व्यसनाने मात्र टॉलहर्स्टच्या हातून वाजवणे जवळजवळ सुटले होते. अल्बमच्या श्रेयनामावलीत बाकी प्रत्येकापुढे वाद्याचे नाव आहे. टॉलहर्स्टपुढे नुसते 'इतर वाद्ये' एवढेच. मैत्री संपल्याची इतकी कोरडी नोंद क्वचितच सापडेल. अल्बम बाजारात येण्याआधीच त्याला बँडमधून काढण्यात आले. पुढे त्याने मानधन आणि हक्कांसाठी न्यायालयात दावा लावला आणि १९९४ मध्ये तो हरला. नंतरच्या काळात त्याने व्यसन सोडले आणि स्मिथशी त्याचा समेटही झाला.

अल्बमचे सामर्थ्य शब्दांपेक्षा त्याच्या बांधणीत आहे. बहुतेक गाणी घाई करत नाहीत. 'प्लेनसाँग' वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटिकांनी सुरू होते आणि मग की-बोर्डच्या सुरांची लाट एकदम अंगावर येते. स्मिथचा आवाज उगवतो तो बराच उशिरा, तोही दूरून आल्यासारखा. 'पिक्चर्स ऑफ यू' आणि 'फॅसिनेशन स्ट्रीट' या गाण्यांतही पहिला शब्द ऐकू येईपर्यंत सुमारे दोन मिनिटे नुसती वाद्येच वाजतात. बंदिशीआधी आलाप ऐकण्याची सवय असलेल्या कानांना हे थांबणे परके वाटणार नाही. तीन मिनिटांच्या गाण्यांवर चालणाऱ्या तेव्हाच्या रेडिओला मात्र ते नक्कीच परके होते.

सुरावट पुढे नेण्याचे काम अनेकदा सायमन गॅलपच्या बेस गिटारकडे असते. तिच्यावर सहा तारांच्या बेसचे खर्जातले गुंजन, पोर्ल थॉम्पसन आणि स्मिथ यांच्या गिटारी आणि रॉजर ओ'डॉनेलचे की-बोर्ड असे थर चढत जातात. विल्यम्सचा ठेका साधा आणि जड आहे. स्मिथने हे सारे मोठ्या आवाजात ऐकण्यासाठी मिसळले होते आणि अल्बमच्या वेष्टनावर तशी सूचनाही छापली होती. दुःखी संगीत हळू आवाजात, एकट्याने ऐकायचे असते हा समज इथे उलटा पडतो.

'द सेम डीप वॉटर ॲज यू' हे नऊ मिनिटांहून लांब गाणे पाऊस आणि गडगडाटाच्या आवाजांत बुडालेले आहे. अल्बमचा तळ कुठे असेल तर तो इथेच. शीर्षकगीतात याच्या उलट घडते. काच फुटल्याचे आवाज, थांबायचे नावच न घेणारा ठेका आणि आठ मिनिटे चढत जाणारा संताप. नाते मोडण्याचा दोष इथला बोलणारा स्वतःच्याच माथी घेतो, त्यामुळे हे गाणे रडगाणे होत नाही. 'लल्लबाय' हे कुजबुजत म्हटलेले अंगाईगीत, पण रात्री गिळायला येणाऱ्या, जाळे विणणाऱ्या कोळ्याचे. दिग्दर्शक टिम पोपने त्याची चित्रफीत केली. तिच्यात पलंगावरचा घाबरलेला माणूसही स्मिथ आणि कोळीही स्मिथच. १९९० च्या ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांत तिला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रफितीचा मान मिळाला.

'लव्हसाँग' या सगळ्यांत वेगळे पडते. किशोरवयापासूनची मैत्रीण मेरी पूल हिच्याशी स्मिथचे लग्न ऑगस्ट १९८८ मध्ये झाले. तिला लग्नाची भेट म्हणून लिहिलेले हे गाणे साडेतीन मिनिटांत आटोपते आणि त्याचे शब्द इतके सरळ आहेत की ते या अंधारात चुकून आल्यासारखे वाटते. गंमत अशी, की अमेरिकेतल्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत तेच पोचले. तिथे या बँडला मिळालेले हे सर्वांत वरचे स्थान. पुढे अडेल या गायिकेने २०११ मध्ये आपल्या '२१' या अल्बममध्ये ते वेगळ्या ढंगाने गायले, आणि मूळ गाणे कोणाचे याची कल्पना नसलेल्या श्रोत्यांपर्यंतही ते गेले.

अमेरिकेतली वितरक कंपनी इलेक्ट्रा हा अल्बम ऐकून धास्तावली होती. बाजारात हा आत्मघात ठरेल असे तिला वाटले, असे स्मिथने नंतर सांगितले. प्रत्यक्षात अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या आणि अमेरिकेत बाराव्या क्रमांकावर गेला. लोकप्रियतेपासून दूर पळण्यासाठी केलेल्या कामाने स्मिथला आणखी मोठ्या गर्दीपुढे नेऊन उभे केले. अल्बमनंतरच्या 'प्रेयर टूर' या दौऱ्यासाठी बँड विमान टाळून जहाजाने अमेरिकेला गेला. तिथे लॉस अँजेलिसच्या डॉजर स्टेडियमसारख्या मोठ्या क्रीडांगणांवर कार्यक्रम झाले. एवढा मोठा पसारा स्मिथला नकोसा होता आणि त्याने ते कधी लपवले नाही. लंडनच्या वेम्बली अरीनातील मैफलींचे ध्वनिमुद्रण 'एन्ट्रीट' या नावाने निघाले.

मुखपृष्ठावर फुलांच्या गर्दीत, पाण्याखाली असावा तसा, स्मिथचा फिकट चेहरा दिसतो. ते थॉम्पसन आणि अँडी व्हेला यांच्या 'पार्च्ड आर्ट' या कला-जोडीने केले होते.

२०१० मध्ये अल्बमची सुधारित आवृत्ती तीन सीडींच्या संचात निघाली. तिच्यात सुरुवातीचे कच्चे आराखडेही ऐकायला मिळतात. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकाच्या सार्वकालिक ५०० अल्बमांच्या यादीत त्याला स्थान आहे. २०१९ हे बँडला 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या रॉक कलावंतांच्या अमेरिकी सन्मान-संग्रहालयात स्थान मिळाल्याचे वर्ष. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, अल्बमला तीस वर्षे झाली म्हणून, सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवण्यात आला. तिशी उलटण्याच्या धास्तीने ही गाणी लिहिणारा स्मिथ तेव्हा साठ वर्षांचा होता.