एकानं नोंद करायची, बाकीच्यांनी घ्यायची: सहकारी तालिकीकरणाची पार्श्वभूमी

तालिकीकरण म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम. ते ग्रंथालयांनी वाटून घ्यावं यासाठी अमेरिकेत चालणाऱ्या ‘प्रोग्रॅम फॉर कोऑपरेटिव्ह कॅटलॉगिंग’चं, म्हणजे पीसीसीचं, हिशेबाचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होऊन सप्टेंबरला संपतं. तिथल्या संघ सरकारचं आर्थिक वर्ष तेच आणि कार्यक्रमाचं सचिवालय वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, त्यामुळे दुसरं काही संभवत नव्हतं. वर्ष संपलं की सभासद ग्रंथालयांच्या कामाचा तक्ता निघतो. लेखकांच्या आणि संस्थांच्या किती नव्या नामनोंदी झाल्या, जुन्या किती दुरुस्त झाल्या, पुस्तक कशावर आहे ते सांगणारी विषयशीर्षकं किती नव्यानं आली, पुस्तकांच्या नोंदी किती, नियतकालिकांच्या किती. कार्यक्रमाच्या चार शाखांनुसार ही विभागणी असते: नावांसाठी नाको, विषयांसाठी साको, पुस्तकांसाठी बिबको आणि नियतकालिकांसाठी कॉन्सर.

तक्ता पाहून कारखान्याचं उत्पादन मोजल्यासारखं वाटतं. नामनोंदींचा वार्षिक आकडा लाखाच्या घरात जातो, बाकीचे बरेच लहान असतात. पण या रकान्यांच्या मागे दीडशेहून जास्त वर्षं रखडत आलेला एक प्रश्न आहे. दुसऱ्या ग्रंथालयानं केलेली नोंद आपण न तपासता घ्यायची का? पैसा, यंत्रं, नियम या सगळ्या अडचणी एकेक करून मिटल्या. हा भरवशाचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत उरला, आणि काही बाबतीत अजूनही आहे.

पहिला प्रयत्न १८५० च्या सुमाराचा. स्मिथसोनियन संस्थेचे ग्रंथपाल चार्ल्स ज्युएट यांची कल्पना अशी होती की प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीचा स्वतंत्र छपाईचा ठसा करायचा, तो मध्यवर्ती ठिकाणी जपून ठेवायचा आणि ज्या ग्रंथालयाला यादी छापायची असेल त्यानं आपल्याकडच्या पुस्तकांचे ठसे निवडून जुळवायचे. एक नोंद एकदाच करायची आणि सगळ्यांनी वापरायची, हा विचार त्या काळाच्या फार पुढचा होता. घोडं अडलं ते ठशांवर. मातीच्या मिश्रणातले ते ठसे नीट टिकेनात आणि लोकांनी थट्टेनं त्या योजनेला ‘चिखलाचा कॅटलॉग’ म्हणायला सुरुवात केली. त्यात संस्थेचे प्रमुख जोसेफ हेन्री यांच्याशी ज्युएट यांचं बिनसलं. हेन्रींना संस्थेचा पैसा विज्ञान संशोधनावर खर्च व्हायला हवा होता, ग्रंथालयावर नव्हे. १८५४ मध्ये ज्युएट यांना काढून टाकलं आणि त्यांच्याबरोबर योजनाही गेली.

जे ज्युएट यांना ठशांनी जमलं नाही ते पुढे कार्डांनी जमलं. हर्बर्ट पटनम ग्रंथपाल असताना, १९०१ साली, लायब्ररी ऑफ काँग्रेसनं आपली छापील तालिकापत्रं इतर ग्रंथालयांना विकायला काढली. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं ते कार्ड, खाली सळई ओवायला भोक. जुन्या ग्रंथालयात ज्यांनी लाकडी खण ओढून पुस्तक शोधलंय त्यांच्या बोटांना ते माप अजून आठवत असेल. १९६८ मध्ये ही विक्री शिगेला पोचली, तेव्हा वर्षाला ७ कोटी ८० लाख कार्डं गेली. विक्री बंद झाली १९९७ मध्ये.

पण याला सहकार म्हणता येत नाही, हे पुरवठा खातं झालं. करणारा एक आणि घेणारे अनेक. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जी पुस्तकं येत नसत, किंवा आली तरी तालिकीकरणाच्या रांगेत पडून राहत, त्यांचं काय करायचं? म्हणून इतर ग्रंथालयांनी केलेल्या नोंदी घेऊन त्या कार्डांवर छापायला सुरुवात झाली आणि १९३० च्या दशकात या कामासाठी वेगळी व्यवस्थाही उभी राहिली. बाहेरून आलेली नोंद मात्र वॉशिंग्टनमध्ये पुन्हा तपासली जाई. नाव आपल्या यादीशी जुळतं का, विषय आपल्या पद्धतीनं दिलाय का, स्वल्पविराम जिथल्या तिथे आहे का. तपासणाऱ्याचा वेळ कधी कधी नव्यानं नोंद करण्याइतकाच जाई. दोन ठिकाणी राबून एक नोंद, असा तो मामला होता, आणि पुढची कित्येक दशकं तो सुटला नाही.

यंत्रं आली तेव्हा वाटलं की आता सुटेल. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या हेन्रिएट अव्राम यांच्या नेतृत्वाखाली मार्क हा यंत्रवाचनीय नोंदीचा आराखडा तयार झाला. १९६६ ते १९६८ या काळात १६ ग्रंथालयांत त्याची चाचणी झाली. शीर्षक, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या अशा प्रत्येक तपशिलाला तीन अंकी क्रमांक देऊन यंत्राला तो ओळखता यावा, ही त्याची मेख. आजही आपल्याकडचा ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी २४५ म्हटलं की शीर्षक आणि १०० म्हटलं की लेखक हे झोपेतही सांगतो. मग २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी केंद्राच्या सामायिक संगणकावर थेट नोंदी करण्याचं काम सुरू झालं. पहिल्या दिवशी १३३ पुस्तकं झाली. आज हा आकडा ऐकून हसू येईल, पण एका ग्रंथालयानं केलेली नोंद दुसऱ्याला त्याच क्षणी पडद्यावर दिसणं ही तेव्हा नवलाई होती.

नोंदींची देवघेव सोपी झाली तशी एक नवी डोकेदुखी आली. शंभर ग्रंथालयं एकाच गंगाजळीत नोंदी टाकतात, तेव्हा एकच लेखक पाच प्रकारे लिहिला जातो आणि पाच वेगळे लेखक एकाच नावाखाली गोळा होतात. मराठीतलं उदाहरण घ्या. कविता कुसुमाग्रज या नावानं, नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावानं. तालिकाकारानं दोन्ही एका नावाखाली आणायची की वेगळी ठेवून एकमेकांकडे बोट दाखवायचं? शिवाय कुलकर्णी आणि जोशी मंडळींचा प्रश्न आहेच. आद्याक्षरं तीच, आडनाव तेच आणि पुस्तकं एकाचं शेतीवर, दुसऱ्याचं ज्ञानेश्वरीवर.

यासाठी लागते ती अधिकृत नामनोंद. तिच्यात पुस्तक नसतं, फक्त नाव असतं. कोणतं रूप प्रमाण मानायचं, कोणत्या रूपांवरून तिथे वळवायचं आणि हे कशाच्या आधारे ठरवलं, एवढंच. त्यातला ६७० क्रमांकाचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे पुरावा लिहावा लागतो: अमुक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव असं छापलंय, मलपृष्ठावर जन्मसाल असं दिलंय. पुढच्या माणसाला शंका आली तर तो थेट त्या पुस्तकापाशी जाऊ शकतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि अमेरिकेचं सरकारी मुद्रणालय यांनी अशा नावांची एकच यादी सांभाळायचं ठरवलं. नाकोचं बीज ते. त्याच दशकात नियतकालिकांच्या नोंदी संगणकावर आणण्यासाठी कॉन्सर सुरू झालं. नियतकालिक नाव बदलतं, बंद पडतं, दुसऱ्यात विलीन होतं आणि पुन्हा जुन्या नावानं उगवतं. ते एकट्याच्या आवाक्यातलं काम नाहीच.

इथे आपल्याकडचा एक धागा येतो. पीएल-४८० म्हटलं की महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला रेशनचा गहू आणि मिलो आठवते. १९५४ च्या त्या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या धान्याची किंमत भारतानं रुपयांत दिली आणि ते रुपये भारतातच साठले. १९५८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या रकमेतून अमेरिकी ग्रंथालयांसाठी पुस्तकं घ्यायची मुभा लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाली. १९६२ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडलं. मराठीसह भारतीय भाषांमधली पुस्तकं, मासिकं, सरकारी अहवाल तिथून जहाजानं अमेरिकी विद्यापीठांकडे जाऊ लागले आणि त्यांच्या याद्या छापून येऊ लागल्या. शिकागोसारख्या विद्यापीठात मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह उभा राहिला तो यातून. रुपयांची ती शिल्लक संपल्यावर ग्रंथालयांनी स्वतःचे पैसे घालून ही खरेदी सहकारी पद्धतीनं चालू ठेवली. आपल्याकडे १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची शंकर गणेश दाते यांनी जवळपास एकहाती केली होती आणि नंतर ती १९५० पर्यंत आणली. तिकडे त्याच भाषेची पुस्तकं नोंदवायला डझनभर विद्यापीठं आणि एक परदेशी सरकार लागत होतं. दात्यांच्या चिकाटीचं कौतुक करताना हेही खटकतं की त्यांच्यामागे अशी व्यवस्था उभी राहिली नाही.

मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८८ मध्ये आठ मोठ्या संशोधन ग्रंथालयांना घेऊन राष्ट्रीय पातळीवर समन्वित तालिकीकरणाचा प्रयोग झाला. या ग्रंथालयांनी थेट लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत नोंदी करायच्या, पण पूर्णपणे तिच्याच पद्धतीनं. हेतू चांगला असला तरी व्यवहार महागात पडला. वॉशिंग्टनच्या बारीकसारीक रीती शिकण्यात आणि तंतोतंत पाळण्यात सहभागी ग्रंथालयांचा एका नोंदीमागचा खर्च वाढला, आणि ज्यांच्यासाठी हे करायचं त्या लहान ग्रंथालयांना त्या बारकाव्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. काही वर्षांतच तो गुंडाळला गेला.

पीसीसीचा जन्म या अपयशातून झाला. दोनेक वर्षं सहकारी तालिकीकरण परिषदेत चर्चा चालली आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये कार्यक्रम सुरू झाला. जास्त, चांगलं, लवकर आणि स्वस्त अशी त्याची घोषणा होती. ऐकायला ती जाहिरातीसारखी वाटते, आणि ‘चांगलं’ आणि ‘स्वस्त’ एका ओळीत पाहून बऱ्याच जुन्या तालिकाकारांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तरी दोन गोष्टी खरोखर बदलल्या. पहिली, तपासणी नोंदीची करायची नाही, माणसाची करायची. ग्रंथालयातल्या लोकांना प्रशिक्षण द्यायचं, सुरुवातीच्या काळात त्यांच्या नोंदी एका अनुभवी परीक्षकानं पाहायच्या, आणि हात बसला की त्यांना मोकळं सोडायचं. त्यानंतर त्यांची नोंद म्हणजे सगळ्यांची नोंद. दुसरी, किमान किती तपशील असला की नोंद विश्वसनीय, हे ठरवून टाकलं. बिबकोची तेव्हाची ‘कोअर’ नोंद ती हीच. त्यापलीकडे ज्याला हौस असेल त्यानं भर घालावी. १९९७ मध्ये कॉन्सरही याच छत्राखाली आलं.

लहान ग्रंथालयांची अडचण वेगळी होती. सभासद व्हायचं तर वर्षाला ठरावीक किमान नोंदी द्याव्या लागतात, आणि एकदोन कर्मचाऱ्यांच्या ग्रंथालयाला ते पेलत नाही. त्यावर ‘फनेल’ हा तोडगा निघाला. एका भाषेची, विषयाची किंवा प्रांताची काही ग्रंथालयं एकत्र येतात, एक समन्वयक प्रशिक्षण आणि तपासणी पाहतो, आणि सगळ्यांच्या नोंदी एकत्र मोजल्या जातात. पुढे अमेरिकेबाहेरची ग्रंथालयंही आली, ब्रिटिश लायब्ररीसारखं मोठं नावही त्यात आहे. सामायिक नामयादीत आज एक कोटीहून जास्त नोंदी आहेत.

भरवसा दोन्ही बाजूंनी लागतो, हे २००६ मध्ये दिसलं. ग्रंथमालांच्या अधिकृत नोंदी करणं आपण थांबवतोय, असं लायब्ररी ऑफ काँग्रेसनं सभासदांशी पुरेशी चर्चा न करता जाहीर केलं. तारीख दिली १ मे. ओरड झाल्यावर ती १ जूनवर गेली, निर्णय मात्र फिरला नाही. मालेतली पुस्तकं एका ठिकाणी सापडावीत यासाठी वर्षानुवर्षं राबलेले लोक चिडले, ते रास्तच होतं. पण कार्यक्रमानं स्वतःच्या सभासदांना हे काम चालू ठेवायची मोकळीक दिली, आणि मुख्य घर बाजूला झालं तरी गाडा चालतो हे सिद्ध झालं. ३१ मार्च २०१३ पासून नामनोंदी आरडीए या नव्या नियमावलीनं करायच्या ठरल्या. त्या संक्रमणात जुन्या लाखो नोंदी यंत्रानं बदलल्या. अशा काळात वार्षिक आकडे मागच्या वर्षाशी ताडून पाहण्यात काही अर्थ नसतो.

विषयशीर्षकांच्या बाबतीत मात्र मोकळीक कधीच मिळाली नाही. साकोचे सभासद फक्त प्रस्ताव देतात, मान्यता वॉशिंग्टनची. याची किंमत ‘इल्लीगल एलियन्स’ या शीर्षकानं दाखवली. कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या स्थलांतरितांवरची पुस्तकं या अपमानकारक शीर्षकाखाली लागतात, हे डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं आणि तिथल्या ग्रंथपालांनी २०१४ मध्ये साकोमार्फत बदलाचा प्रस्ताव दिला. आधी नकार आला. मार्च २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं बदल करायचं जाहीर केलं, तर अमेरिकी संसदेतल्या काही सदस्यांनी त्यात हात घातला आणि प्रकरण थंड्या बस्त्यात गेलं. कित्येक ग्रंथालयांनी वाट न पाहता आपल्यापुरता पर्याय वापरायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अखेर ‘नॉनसिटिझन्स’ आणि ‘इल्लीगल इमिग्रेशन’ ही शीर्षकं आली. सात वर्षांच्या या झटापटीला वार्षिक तक्त्यात वेगळा रकाना नाही.

लिपीचा मुद्दा आपल्या जास्त जवळचा. नामनोंदीत मूळ लिपीतलं नाव पर्यायी रूप म्हणून द्यायची सोय २००८ मध्ये झाली, तीही अरबी, फारसी, हिब्रू, यिडिश, चिनी, जपानी, कोरियन, ग्रीक आणि सिरिलिक एवढ्यांपुरती. देवनागरी त्यात नव्हती. कारण तांत्रिक होतं, नोंदी एकमेकांकडे पाठवण्याच्या जुन्या संकेतप्रणालीत या लिपीची अक्षरंच नव्हती. त्यामुळे मराठी लेखकांची नावं रोमन अक्षरांत, टिंबं आणि आडव्या रेघा देऊन, शेवटचा ‘अ’ उच्चारात नसला तरी लिहून, अशी नोंदवली गेली. मराठी वाचक आपल्या लेखकाचं नाव असं कधी शोधणार नाही.

आणि हे सगळं आपल्या ग्रंथालयांत पोचतं. महाराष्ट्रातल्या एखाद्या महाविद्यालयाचा ग्रंथपाल कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरताना पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक टाकतो, दुसऱ्या ग्रंथालयाच्या यादीत शोधू देणाऱ्या झेड३९.५० च्या जोडणीतून लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद ओढून घेतो, स्वतःचा दाखलअंक घालतो आणि पुढच्या पुस्तकाकडे वळतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकाला हे दोन मिनिटांचं काम. मराठी कथासंग्रहाची नोंद बऱ्याचदा सापडत नाही, सापडली तर लेखकाचं नाव त्या रोमन वेषात असतं आणि कधी जन्मसाल दुसऱ्याच कुणाचं. सभासद नसलेल्या ग्रंथालयाला सामायिक यादीतली ती मूळ नोंद स्वतः दुरुस्त करता येत नाही. चूक कळवता मात्र येते. कळवताना ‘हे चुकलंय’ एवढ्यावर भागत नाही, कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर काय छापलंय ते द्यावं लागतं. मलपृष्ठावरच्या लेखक परिचयाचा साधा फोटो असला तरी पुष्कळदा पुरतो.